झाड शेजारच्यांचं, कौलं आपली

जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली रात्र. पाऊस नेहमीसारखाच होता. वाराही होता, पण वादळ म्हणावं असा नव्हता. पावणेतीनच्या सुमारास आधी लांबलचक करकर ऐकू आली, मग स्वयंपाकघराच्या पडवीवर काहीतरी कोसळलं आणि घर हादरलं. बॅटरी घेऊन गेलो तर शेजारच्या आवारातल्या रायवळ आंब्याची मांडीएवढी फांदी छपरातून आत आलेली. दोन वासे मोडले होते, रिपा लोंबत होत्या, कौलांचा चुरा भांड्यांच्या मांडणीवर पसरला होता आणि त्यावर पाऊस पडत होता. आई दाराशी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "मी शेजारच्या काकूंना दोनदा सांगितलं होतं."

तेव्हा त्या वाक्याकडे माझं लक्षही गेलं नाही. पुढे वकील, नगरपरिषदेतले लोक, विम्याचा सर्व्हेअर अशा सगळ्यांशी बोलणं झालं तेव्हा कळलं की आमच्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच होतं. आणि आमची सगळ्यात मोठी चूकही त्यातच होती, कारण आईने जे सांगितलं ते तोंडी सांगितलं होतं.

बहुतेकांची समजूत आमच्यासारखीच असते. झाड त्यांचं, नुकसान आमचं, मग पैसे त्यांनी द्यायला हवेत. कायदा इतक्या सरळ जात नाही. झाडाच्या मालकाला भरपाई द्यावी लागते ती झाड त्याचं आहे म्हणून नव्हे. झाड धोकादायक झालंय हे त्याला माहीत होतं, किंवा जरा लक्ष दिलं असतं तर कळलं असतं, आणि तरीही त्याने काही केलं नाही, म्हणून द्यावी लागते. कायद्याच्या भाषेत याला निष्काळजीपणा म्हणतात. भारतात या विषयावर वेगळा लिखित कायदा नाही. इंग्रजी न्यायालयांच्या जुन्या निकालांतून आलेली आणि आपल्या न्यायालयांनी स्वीकारलेली तत्त्वं यासाठी वापरतात.

त्यातला एक निकाल 1926 चा. इंग्लंडमध्ये रस्त्यावर आलेली बीच झाडाची एक फांदी चांगल्या, शांत हवेत अचानक मोडली आणि खालून जाणाऱ्या गाडीवर पडली. फांदीत आतून दोष होता, पण बाहेरून कोणाला दिसला नसता. न्यायालयाने मालकाला जबाबदार धरलं नाही. आपल्याकडचं उदाहरण राजकोटचं. तिथे रस्त्याकडेचं झाड अंगावर पडून कामावर निघालेला एक माणूस दगावला. खालच्या न्यायालयांत कुटुंबाच्या बाजूने निकाल लागला होता, पण 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार मानलं नाही. झाड सडलंय, पडायला आलंय हे महापालिकेला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, असं पुढे आलं नव्हतं. हा निकाल वाचताना त्या कुटुंबासाठी जीव तुटतो. पण शेजाऱ्याच्या झाडाबद्दल भांडायला जाताना तो माहीत असलेला बरा, कारण समोरचा वकील तोच पुढे ठेवतो.

आता दुसरी बाजू. हिरवंगार, धडधाकट झाड अवचित पडलं तर मालक सुटू शकतो. पण मोडण्याची चिन्हं वर्षभर दिसत असतील तर "मला काय माहीत" हे उत्तर चालत नाही. ही चिन्हं ओळखायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. आंब्याला भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागली की खोडाला भोकं पडतात आणि बुंध्याशी लाकडाचा भुसा साचतो. बांडगूळ माजलं की त्याच्या पुढची फांदी हळूहळू वाळते. बुंध्यावर किंवा मुळांशी अळंबी उगवली, फळीसारखी टणक बुरशी दिसली, तर आतलं लाकूड कुजतंय. खोडाला ढोली आहे, वाळवीची माती चढली आहे, भर पावसात एखादी फांदी निष्पर्ण आहे, आजवर सरळ असलेलं झाड एका अंगाला कलायला लागलंय, बुंध्याजवळची जमीन एका बाजूला उचलली गेली आहे. यातलं शेवटचं दिसलं तर उद्याची वाट पाहू नये.

आमच्या आंब्याच्या त्या फांदीवर बांडगूळ होतं आणि भिरूडही. आईला ते दिसत होतं, कारण ती रोज मागच्या दारी कपडे वाळत घालते. शेजारची मंडळी मुंबईला असतात. गणपतीत आणि मे महिन्यात येतात, एरवी घर बंद. कोकणात असं दर तिसरं घर असेल. मालक लांब राहतो म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही. आवार त्याचं, झाड त्याचं, तेव्हा वर्षातून एकदा तरी ते बघून घेणं त्याच्याकडूनच अपेक्षित आहे. पण प्रत्यक्षात "आम्ही इथे नसतोच, आम्हाला कसं कळणार" हे वाक्य फार जड जातं. त्याला उत्तर एकच असतं, त्यांना आधी पाठवलेला कागद.

"ही दैवी आपत्ती आहे, आम्ही काय करणार?" हेही हमखास ऐकायला मिळतं. या बचावाला अर्थ आहे, पण त्याला मर्यादाही आहे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर भागात माड-पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. निरोगी झाडंही मुळासकट गेली. त्या दिवशी पडलेल्या धडधाकट माडासाठी शेजाऱ्याकडे भरपाई मागता येणार नाही, मागूही नये. पण जूनमधला पाऊस आणि त्याबरोबरचा वारा ही कोकणात आपत्ती नव्हे, तो ऋतू आहे. दरवर्षी येतो. ज्या वाऱ्यात आजूबाजूची पन्नास झाडं उभी राहिली आणि एकच पोखरलेलं पडलं, तिथे दोष वाऱ्याचा कमी आणि दुर्लक्षाचा जास्त. म्हणून झाड पडल्यावर आसपासची कोणती झाडं उभी आहेत याचेही फोटो काढून ठेवावेत. हे आम्हाला सुचलं नव्हतं, वकिलांनी नंतर विचारलं.

पडण्याआधीचं पत्र

शेजाऱ्याला पत्र पाठवणं आपल्याकडे भांडणाची सुरुवात समजतात. रोज "काय, जेवण झालं का" विचारणाऱ्या माणसाला टपालाने पत्र? आईला तर तो अपमान वाटला असता. पण पत्राची भाषा आपल्या हातात असते. आधी बोलावं, चहा घेत बोलावं, झाडाखाली उभं राहून फांदी दाखवावी. मग त्याच बोलण्याची आठवण म्हणून लिहावं. आता आम्ही वापरतो तो मसुदा साधारण असा:

"ती. काका, सा. न. वि. वि. रविवारी आपलं बोलणं झालं, त्याची आठवण म्हणून लिहीत आहे. आपल्या आवारातल्या, आमच्या पडवीकडच्या बाजूच्या आंब्याच्या दक्षिणेकडील फांदीवर बांडगूळ वाढलं आहे आणि बुंध्याशी भिरुडीचा भुसा पडत आहे. सोबत आज काढलेले तीन फोटो जोडले आहेत. पावसाळ्यात फांदी मोडली तर ती आमच्या स्वयंपाकघरावर येईल अशी भीती वाटते. नगरपरिषदेची परवानगी घेऊन ती मेअखेरीपर्यंत उतरवून घ्यावी ही विनंती. अर्जासाठी धावपळ लागली तर मी करीन. आपला, ..."

यात धमकी नाही, कलम नाही, वकिलाचं नावही नाही. पण तारीख आहे, कोणती फांदी ते आहे, दोष काय ते आहे आणि धोका कोणाला ते आहे. पुढे काही झालं तर "आम्हाला माहीत नव्हतं" हे दार या चार ओळींनी बंद होतं. पत्र स्पीड पोस्टाने पाठवावं, पावती आणि पोचल्याचा ट्रॅकिंगचा कागद एकत्र जपावा. व्हॉट्सॲपवर पाठवलं तर फोन बदलताना तो संवाद पुसला जाणार नाही याची काळजी घ्यावी. न्यायालयात असा संदेश पुरावा म्हणून दाखल करता येतो, त्याला 2023 च्या साक्ष अधिनियमाप्रमाणे ठरावीक प्रमाणपत्र जोडावं लागतं. सोसायटीच्या आवारातलं झाड असेल तर पत्र सचिवांच्या नावे द्यावं आणि आपल्या प्रतीवर सही-शिक्का घ्यावा. तिथे झाडाची जबाबदारी सोसायटीची असते, तळमजल्यावरच्या ज्या कुटुंबाने हौसेने ते लावलं त्यांची नव्हे.

झाड नक्की कोणाचं याबद्दल वाद असेल तर खोड जमिनीतून कुठे वर आलं आहे ते बघतात. फांद्या कुठे पसरल्या, मुळं कुठे गेली, पाणी कोण घालतं, याने मालकी बदलत नाही. खोड नेमकं बांधावर किंवा गडग्यात असेल तर ते दोघांचं धरतात आणि मग खर्चही दोघांचा. हद्दच ठाऊक नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी लागते, आणि तिला वेळ लागतो.

कुऱ्हाड उचलण्याआधी

आपल्या हद्दीत आलेली फांदी आपण कापू शकतो का? 1894 मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च अपिलीय पीठाने, म्हणजे हाऊस ऑफ लॉर्ड्सने, याचं उत्तर "हो" असं दिलं. आपल्याच जमिनीवर उभं राहून, शेजारच्या आवारात पाऊल न टाकता, हद्दीपलीकडून आलेली फांदी कापता येते, त्यासाठी आधी सूचनाही द्यावी लागत नाही. भारतातही हे तत्त्व मानलं गेलं आहे. फांदी वीस वर्षं तुमच्या अंगणावर आहे म्हणून तिला तिथे राहण्याचा हक्क मिळत नाही. मात्र कापलेली फांदी आणि तिच्यावरचे आंबे झाडाच्या मालकाचेच राहतात. ते त्याला परत द्यायचे, लोणचं घालायचं नाही.

पण महाराष्ट्रात हे उत्तर अर्धवट आहे, आणि इथेच माणसं अडकतात. शहरी भागासाठी 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. महापालिका आणि नगरपरिषदा त्यात येतात. त्यात "झाड तोडणे" याची व्याख्या फार रुंद आहे. जाळणं, कापणं किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणं, सगळं त्यात बसतं. म्हणजे आपल्या हद्दीतली फांदी कापण्याचा हक्क शेजाऱ्याविरुद्ध आहे, झाडं कापायला परवानगी देणाऱ्या वृक्ष प्राधिकरणाविरुद्ध नाही. परवानगीशिवाय कापली तर दंडाबरोबर कैदेचीही तरतूद आहे, आणि गुन्हा कापणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावर. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना प्राचीन वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण मिळालं आहे. आमचा आंबा आजोबांच्या आधीचा, तेव्हा तोही त्यात.

अर्ज वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे करायचा. फोटो, जागेचा साधा नकाशा आणि कारण द्यायचं. कारणात "पाने पडतात, कचरा होतो" असं लिहिलं तर अर्ज मागे पडणार हे धरून चाला, आणि माझ्या मते तो मागेच पडायला हवा. पाचोळा हे नुकसान नव्हे. झाड वाळलेलं आहे, रोगट आहे, जीविताला किंवा मालमत्तेला धोका आहे, ही कारणं मात्र कायद्यातच दिलेली आहेत. ती असतील तर तीच शब्दशः लिहावीत. मग पाहणी होते, आणि पूर्ण झाड तोडायचं असेल तर हरकतींसाठी जाहीर सूचनाही लागते. म्हणून अर्ज मार्चमध्ये करावा, मेच्या अखेरीस नव्हे. खासगी आवारातल्या छाटणीचा खर्च झाडाच्या मालकाने करायचा असतो, महापालिका तो फुकट करून देईल अशी आशा ठेवू नये.

खेड्यात कायदा वेगळा, 1964 चा. त्यात ठरावीक जातींची झाडं तोडायला परवानगी लागते. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर, ऐन, किंजळ ही त्यातलीच. माड त्या यादीत नाही.

शेजारी ऐकतच नसेल आणि झाड आज-उद्या पडेल असं असेल तर आणखी एक वाट आहे, ती फार कमी लोकांना माहीत असते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152, म्हणजे आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 133, यात "झाड" हा शब्दच लिहिलेला आहे. झाड पडायच्या बेतात असेल आणि त्यामुळे आसपास राहणाऱ्या, काम करणाऱ्या किंवा येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांना इजा होण्याची शक्यता असेल, तर कार्यकारी दंडाधिकारी ते काढण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा आदेश मालकाला देऊ शकतात. हे काम साधारणपणे तहसीलदार किंवा प्रांताधिकारी यांच्याकडे असतं. अर्ज साध्या कागदावर चालतो, वकील लागेलच असं नाही. फोटो आणि आधीच्या पत्राची प्रत जोडावी. केवळ छपराची भीती सांगू नये, माणसांना असलेला धोका स्पष्ट लिहावा, कारण हे कलम माणसांसाठी आहे.

पडल्यावरचे पहिले चोवीस तास

आधी वीज. फांदीबरोबर तार आली असेल तर मेन स्विचकडे धावत जाऊ नये, ओल्या जमिनीत पाय टाकू नये. 1912 वर किंवा ओळखीच्या वायरमनला फोन करून पुरवठा बंद करून घ्यावा. अग्निशमन दलाचा 101, मुंबईत आपत्कालीन कक्षाचा 1916. घरात अडकलेलं कोणी नसेल तर बाकी सगळं सकाळपर्यंत थांबू शकतं. आम्ही रात्रीच फांदी ओढायला गेलो आणि तिसरा वासाही खाली आला. तो फांदीच्याच आधाराने उभा होता.

उजाडल्यावर फोटो. छपराचे, सामानाचे फोटो सगळेच काढतात. पण सगळ्यात महत्त्वाचा फोटो झाडाचा, जिथून फांदी मोडली त्या तोंडाचा. निरोगी फांदी मोडली की आतलं लाकूड फिकट, ओलसर, रेषारेषांचं दिसतं. कुजलेली असेल तर काळपट किंवा भुरकट, आणि बोटाने चुरगळतं. आमच्या फांदीच्या तोंडाला करंगळी जाईल असा भिरुडीचा बोगदा होता आणि त्यात ओला भुसा. शेजारच्या राखणदाराच्या समोर आम्ही ते तोंड तेवढं करवतीने कापून घेतलं. तो तुकडा अजून माळ्यावर आहे, त्यावर खडूने तारीख लिहिलेली. भरपाईच्या बोलण्यात तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडला, कारण त्याच्याकडे बघून कोणीच "चांगली फांदी होती" असं म्हणू शकलं नाही.

पंचनामा करून घ्यावा. वादळ-अतिवृष्टीत तलाठी पंचनामा करतात, त्यावरून सरकारी मदतही मिळू शकते. मात्र ती भरपाई नाही, मदत आहे. आपत्ती निवारण निधीच्या 2022 ते 2026 या काळासाठीच्या निकषांत पक्कं घर किमान 15 टक्के पडलं असेल तर 6,500 रुपये आणि कच्चं असेल तर 4,000 रुपये अशी रक्कम ठरवली होती. तेवढ्या पैशांत कौलंही येत नाहीत. तरीही पंचनामा हवा, कारण तटस्थ माणसाने त्याच दिवशी लिहिलेला तो एकमेव कागद असतो. अग्निशमन दल आलं असेल तर त्यांच्याकडून अहवालाची प्रत मागून घ्यावी.

मग विमा. शेजाऱ्याच्या दारी जाण्याआधी आपल्या कपाटातली पॉलिसी काढावी, असं मी आता सगळ्यांना सांगतो. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना "भारत गृह रक्षा" ही एकसारख्या शब्दांची घरविमा पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात बाहेरची वस्तू आदळून होणारं नुकसान धरलेलं आहे आणि उदाहरणांत पडणाऱ्या झाडांचा उल्लेख आहे. घराच्या विमा रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 10 लाख रुपये, घरातलं सामानही आपोआप त्यात येतं. इथे दोष कोणाचा हे आपल्याला सिद्ध करावं लागत नाही. कंपनी पैसे देते आणि मग वाटलं तर शेजाऱ्याकडून वसूल करते. यातच एक धोका आहे. विम्याचा दावा चालू असताना शेजाऱ्याला "आमची आता काही तक्रार नाही" असं लिहून देऊ नये. तसं दिलं तर कंपनीचा वसुलीचा हक्क जातो आणि ती आपला दावाच अडवू शकते. सर्व्हेअर येईपर्यंत दुरुस्ती करू नये. ताडपत्री टाकायला हरकत नाही, उलट नुकसान वाढू नये म्हणून टाकावीच, आणि तिची पावती ठेवावी.

गाडीवर झाड पडलं असेल तर सर्वसमावेशक पॉलिसीतून पैसे मिळतात. फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचं काहीच मिळत नाही. नुकसान थोडं असेल तर दावा करण्याआधी हिशेब करावा, कारण दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो दाव्याविना गेलेल्या पहिल्या वर्षानंतर 20 टक्के असतो आणि वाढत 50 टक्क्यांपर्यंत जातो.

पैशांचं बोलणं

शेजाऱ्याशी बोलायला जाताना आकडा कागदावर हवा. दोन सुतारांचे अंदाज, कौलांचं बिल, इलेक्ट्रिशियनची पावती, फांदी उचलायची मजुरी. जुन्या छपराच्या जागी नवं छप्पर पूर्ण त्यांच्या पैशांनी मागितलं तर बोलणं तिथेच तुटतं, आणि न्यायालयही जुन्या वस्तूची घसारा वजा करूनच किंमत धरतं. आमचे वासे चाळीस वर्षांचे होते. आम्ही नव्या वाशांची निम्मी किंमत धरली. कौलं आणि मजुरी पूर्ण धरली. शिवाय लाकूड त्यांचं होतं, ते त्यांना परत दिलं.

तरीही आम्हाला मागितल्याच्या निम्मेच मिळाले. काकूंनी फोनवर आईला सांगितलं, "तू म्हणाली होतीस गं, पण एवढं होईल असं वाटलं नाही." ही खरं तर कबुलीच होती. पण त्यांच्या मुलाचं म्हणणं होतं की त्याला कोणीच काही कळवलं नाही, आणि आमच्याकडे कागद नव्हता. आम्ही थांबलो. साठ हजारांसाठी दिवाणी दावा लावून दहा वर्षं तारखांना जायचं आणि दर गणपतीत समोरासमोर तोंड फिरवायचं, हे आईला नको होतं. मलाही नको होतं. जे मिळालं ते बँकेतून घेतलं आणि कशापोटी मिळालं ते दोन ओळींत लिहून दोघांनी सह्या केल्या. एवढं करावंच, नाहीतर पुढच्या पिढीला तो उसनवारीचा पैसा वाटतो.

बोलून जमलं नाही तर न्यायालयाच्या आधीही पायऱ्या आहेत. गावात 2007 पासूनच्या मोहिमेतल्या तंटामुक्ती समित्या काही ठिकाणी अजून चांगल्या चालतात, आणि झाडाचा वाद त्यांच्या आवाक्यातला आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. तिच्याकडे दावा दाखल होण्याआधीच अर्ज करून प्रकरण लोकअदालतीत नेता येतं. फी नाही, आणि तिथे झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याची ताकद असते, त्यावर अपील नाही. शेजाऱ्यांच्या वादासाठी मला ही सगळ्यात चांगली जागा वाटते. दोघांना एका टेबलाशी बसवणारं तिसरं माणूस मिळालं की निम्मं काम होतं.

दिवाणी दावा लावायचाच झाला तर भरपाईसाठी साधारण तीन वर्षांची मुदत धरावी. झाड महापालिकेचं, म्हणजे रस्त्याकडेचं किंवा बागेतलं असेल तर मात्र घड्याळ फार वेगाने चालतं. आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. नगरपरिषदांच्या कायद्यातही तशीच तरतूद आहे. राज्य सरकारच्या जागेतलं झाड असेल तर नोटीस दोन महिन्यांची. "साहेब बघतो म्हणालेत" यावर विसंबून कितीतरी लोकांचे ते सहा महिने निघून जातात.

मुळांचं गाऱ्हाणं

फांदी एका रात्रीत पडते, मुळं दहा वर्षं घेतात, म्हणून त्यांचा पुरावा अवघड. भिंतीला तडा गेला की लोक लगेच शेजारच्या झाडाकडे बोट दाखवतात. नेहमी तेच कारण असतं असं नाही. मुळं पाण्याच्या मागे जातात. मजबूत, कोरडा पाया ती सहसा फोडत नाहीत, पण आधीच गळणाऱ्या ड्रेनेजच्या सांध्यातून मात्र आत शिरतात आणि पाइप तुंबवतात. काळ्या मातीत प्रकार वेगळा. झाड उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी ओढतं, माती आकसते, पाया एका बाजूने खचतो आणि पावसाळ्यात माती पुन्हा फुगते. असा तडा उन्हाळ्यात रुंद आणि पावसाळ्यात अरुंद होतो. ते तपासायला गवंडी तड्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवतात आणि बाजूला तारीख लिहितात. पट्टी फुटली तर भिंत हलतेय. वर्षभराच्या अशा नोंदी आणि इंजिनिअरचा अहवाल असेल तरच मुळांच्या दाव्यात दम येतो. भिंतीच्या भेगेतच उगवलेला पिंपळ किंवा उंबर हा वेगळा विषय. तो पाखरांनी आणलेला असतो, शेजाऱ्याने नव्हे, आणि लहान असतानाच मुळासकट काढणं हे भिंतवाल्याचं काम.

एक गोष्ट आपल्या बाजूचीही बघावी. कुंपणाची भिंत घालताना, गटार खणताना आपणच शेजारच्या झाडाची एका अंगाची मोठी मुळं तोडली असतील, तर त्या झाडाचा तोल आपण घालवला. पुढे ते पडलं तर भरपाईचा प्रश्न आपल्याला विचारला जाईल. बुंध्याभोवती गच्च काँक्रीट ओतणंही तसंच. चर खणायचाच असेल तर बुंध्यापासून लांबून न्यावा, आणि जाड मूळ लागलं तर गवंड्याला थांबवून आधी शेजाऱ्याला बोलवावं.

आमच्या आंब्याची उत्तरेकडची फांदीही पोखरलेली निघाली. या वेळी पत्र गेलं, मुलाच्या नावे, मुंबईच्या पत्त्यावर. आठ दिवसांत त्याचा फोन आला. अर्ज त्याने केला, पाहणीच्या दिवशी मी हजर राहिलो. उद्यान विभागाच्या माणसाने बुंध्यावर कान लावून हातोडीने ठोकून बघितलं आणि सांगितलं, खोड अजून भरीव आहे, झाड तोडायचं नाही, फक्त ही फांदी. एप्रिलमध्ये चार माणसांनी दोरखंड बांधून ती तुकड्यातुकड्यांनी उतरवली. काकूंनी खास त्यासाठी दोन दिवस सुट्टी काढायला लावून मुलाला पाठवलं होतं. कापलेल्या तोंडाला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप, कोणी लावायची यावर आई आणि तो बराच वेळ बोलत होते. शेवटी शिडीवर तो चढला आणि डबा आईने धरला.